गोठ्याच्या छतावरचे सुभेदार

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. सुरुवात हवापाण्यापासून आणि रस्त्याच्या वळणांपासून केली, तर मी वळणांतच रमेन आणि मूळ गोष्टीपर्यंत पोचणारच नाही. स्वतःला मी एवढं ओळखतो.

फलटणमध्ये माझं फ्लेक्स छापण्याचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, उद्घाटन, दहावीचा निकाल, पुण्यस्मरण, सगळं छापतो. चौकात लागलेला फ्लेक्स पंधरा दिवसांत ओढ्यात जातो आणि तिथून पुढे कुठेच जात नाही, हे मी वीस वर्षं बघत होतो. ओढ्यात अडकलेला माणूस बहुधा हात जोडून हसत असतो. ते हसू माझ्याकडेच बघून आहे, असं मला वाटायचं. शेवटी व्यापारी मंडळाच्या सभेत उभा राहिलो आणि योजना मांडली: जुना फ्लेक्स दुकानात परत आणून द्या, मी तो कडेगावला पाठवतो. तिथे हमीदचाचा म्हणून एक कारागीर जुन्या फ्लेक्सच्या ताडपत्र्या शिवतात. त्या गोठ्यांना, कडब्याच्या गंजींना, ऊसतोड्यांच्या खोपींना जातात. 'प्रत्येक फ्लेक्सवरचा चेहरा कापून मगच माल पुढे जाईल, कुणाचा अवमान होणार नाही,' असंही मी भर सभेत सांगितलं. टाळ्या पडल्या. पुढे मंडळाने मला 'पर्यावरणस्नेही व्यापारी' म्हणून ढाल दिली. त्या ढालीत प्लास्टिक, पत्रा, काच आणि लाकडाचा भुसा एकमेकांना असे चिकटवले होते, की तिचा पुढे कशालाच उपयोग होणार नाही. मी ती कपाटावर ठेवली.

चेहरे मी दोन आठवडे कापले. मग कंटाळलो.

एका आठवड्यात दोन कामं आली. एक जवळच्या गावातल्या सुभेदार रामचंद्र यांच्या पंच्याहत्तरीचं. दुसरं भलत्याच गावातल्या एका आजोबांच्या श्रद्धांजलीचं. दोघांनाही फेटा, दोघांनाही भरघोस पांढऱ्या मिशा. संगणकात मी फोटो 'फेटा एक' आणि 'फेटा दोन' म्हणून ठेवले. मशीनमधून दहा फुटी फ्लेक्स बाहेर आला तेव्हा वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' होतं, मध्ये सुभेदार हसत होते आणि खाली नाव त्या आजोबांचं होतं.

चूक लगेच लक्षात आली. दोन्ही घरी बरोबर छापलेला फ्लेक्स वेळेवर गेला. हा मात्र दुकानात राहिला. त्या दिवशी मी खरोखर कात्री घेऊन बसलो होतो, पण कोरा फ्लेक्स! एक सुरकुती नाही, एक भोक नाही. चांगल्या मालाला कात्री लावायला माझा हात धजेना. गुंडाळला आणि परत आलेल्या जुन्या गठ्ठ्यात सारला.

तीन महिन्यांनी सुभेदार काठी टेकत दुकानात आले. कडेगावजवळच्या एका खेड्यात त्यांची थोरली बहीण असते, हौसाक्का. ती शेजाऱ्याच्या गोठ्यात दूध आणायला गेली, सहज वर बघितलं, तर छताला भाऊ आणि त्याच्या डोक्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. अक्षरं शेजाऱ्याने वाचून दाखवली. तिने रडत सुभेदारांच्या घरी फोन केला आणि तो नेमका सुभेदारांनीच उचलला.

"म्हनलं, आक्का, मीच बोलतोय की," सुभेदार मला सांगत होते. "तर म्हनती, मुडद्या, माझ्या भावाचा आवाज काढतोस व्हय रं? नातवानं तिला सांगून ठेवलंय, आजकाल मोबाईलवर कुणाचाबी आवाज काढून फसवत्यात. व्हिडिओ लावला तर म्हनली, चित्रं बी हलवत्यात म्हनं. आन ठेवला फोन. आता सवता गेल्याबगार इलाज न्हाई."

मग त्यांनी सरळ विचारलं, "आनंतराव, त्यो फ्लेक्स तुमच्याकडं झाला का?"

मी म्हणालो, "नाही."

इथवर भीती होती. पण पुढचं वाक्य माझ्याकडे कुणी मागितलं नव्हतं. मी म्हणालो, "तुमचा फोटो तानाजीरावांकडं होता ना?"

तानाजीराव म्हणजे सुभेदारांचे शेजारी, निवृत्त पोस्टमन, पन्नास वर्षांचे दोस्त. पंच्याहत्तरीचा फोटो दुकानात त्यांनीच आणून दिला होता. स्वभाव थट्टेखोर. सुभेदारांनी नुसती मान हलवली. पण त्या दिवसापासून तानाजीरावांच्या ओट्यावरचा रोजचा चहा बंद झाला, हे मला गावातून कळलं. 'बहिणीला भेटून आलो की पोलिसात अर्ज देनार,' असं सुभेदार सांगत फिरू लागले. तेव्हा मी जाऊन म्हणालो, मला कडेगावला माल पोचवायचाच आहे, माझ्या पिकअपमधून चला.

त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. तसा मी प्रवासाला निघालो.

मोगराळे घाट

फलटणची ऊसपट्टी मागे पडते आणि मोगराळ्याचा घाट चढला की हिरवा रंग कुणीतरी पुसून घेतल्यासारखा होतो. माणची माळरानं, बाभळी, वारा. पाणी आमच्याकडे पाटाने येतं. तिथे ते गप्पांत येतं. रस्ता विचारला तरी माणूस आधी तलावात किती पाणी आहे ते सांगतो.

गठ्ठे दोरीने बांधले होते, पण घाटमाथ्यावरच्या वाऱ्याने एक गाठ सोडवली. आरशात बघतो तर एक पंधरा फुटी फ्लेक्स उलगडत हवेत चढला, दोन गिरक्या घेतल्या आणि रस्त्याकडेच्या मेंढरांच्या कळपावर अलगद पसरला. मेंढरं बिथरली आणि सगळी एकाच दिशेने, टेकडीकडे पळत सुटली. आमच्या तालुक्यातल्या एका युवा नेतृत्वाचा वाढदिवस पन्नास मेंढरांच्या पाठीवरून माळ चढू लागला. मेंढरं दाटली की नेतृत्व फुगायचं, पांगली की गालफडं बसायची.

मी धावलो. मेंढपाळ शांतपणे काठीवर हनुवटी टेकून बघत होता.

"माफ करा, दादा," मी धापा टाकत म्हणालो. "आत्ता काढतो."

"ऱ्हाऊ द्या की," तो म्हणाला. "कोकरांवर टाकाय हुईल पावसात. असं करा, आनि एक सोडा. ह्या एकानं निम्मीच झाकत्यात."

मी गाडीतून आणखी एक काढून दिला. त्यावरचा चेहरा कापून देऊ का, असंही विचारलं. तो म्हणाला, "कशाला? लांडगं भितील."

गाडीत बसलो तेव्हा सुभेदार हसत होते. मला वाटलं, हीच वेळ. मी म्हणालो, "सुभेदारसाहेब, कधीकधी काय होतं, दुकानदाराकडूनसुद्धा चूक होते. दोन फोटो सारखे असतात. त्यात लाइट गेलेली, मशीन जुनं, गिऱ्हाईक डोक्यावर उभं..."

सुभेदारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आनंतराव, मी पलटनीत लय मानसं बघितली. दुसऱ्याची बला आपल्यावर घेनारा एखादाच असतोय. तान्याला वाचवू नका."

मी गिअर बदलला. चढ संपला होता तरी बदलला.

मायणीच्या पुढे

जेवायला एका ढाब्यावर थांबलो. अख्खा मसूर, मोठी रोटी, कच्चा कांदा आणि जीभ भाजणारा ठेचा. आमच्याकडे मसूर म्हणजे आजाऱ्याची आमटी. इथे तो तर्री घालून मटणाच्या मानाने वाढतात आणि खाणाराही तसाच बाह्या सावरून बसतो.

पण मला जास्त आनंद झाला तो हात धुण्याच्या जागेपाशी. तिथे दोन मोठे ड्रम होते, हिरवा ओल्या कचऱ्याचा आणि निळा सुक्याचा. वर नीट अक्षरांत पाट्या. मी कांद्याची सालं हिरव्यात टाकली, कागदी रुमाल निळ्यात टाकला, शेजारच्या टेबलावरच्या लोकांचंही वेगळं करून टाकलं. मालक गल्ल्यावर होता. त्याला जाऊन म्हणालो, "फार चांगलं काम करताय. प्रत्येक व्यावसायिकानं असं केलं तर..."

माझं वाक्य चालू असतानाच त्याच्या आचाऱ्याने दोन्ही ड्रम फरफटत मागे नेले आणि एकाच खड्ड्यात उपडे केले.

"अहो, हे एकत्र केलं!" मी म्हणालो.

"व्हय," मालक म्हणाला. "येगळं करायचं काम गिऱ्हाइकाचं. ते गिऱ्हाईक करतंय. एकत्र करायचं काम आमचं. ते आमी करतोय. तुमची तक्रार काय हाय?"

"मग दोन ड्रम कशाला ठेवले?" सुभेदारांनी विचारलं.

"तपासनीला येत्यात, तवा दोन मोजत्यात."

मी त्याला समजावलं की खड्ड्याला आडवी भिंत घातली, एका बाजूला नुसती सालं आणि शेण टाकलं, तर तीन महिन्यांत खत होईल आणि शेजारचा उसवाला ते आनंदाने नेईल. तो मन लावून ऐकत होता. मग आत गेला आणि भाजीच्या देठा-सालांचं एक गच्च पोतं आणून माझ्या पायाशी ठेवलं. "तुमास्नी एवढी कळकळ हाय, तर सुरुवात तुमीच करा."

मला नाही म्हणता येत नाही. दोन गोष्टींना तर मुळीच नाही: कचऱ्याला आणि माझ्याबद्दल चांगलं मत असलेल्या माणसाला. पोतं गाडीत चढवलं. पुढचा सगळा प्रवास आम्हांला कोबीच्या वासाची सोबत होती.

विटा

विट्यात चहाला थांबलो. त्या भागातली निम्मी घरं देशभर सोनं गाळायच्या धंद्यात आहेत. म्हणजे सराफांकडचं जुनं, भेसळीचं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. बाकड्यावर शेजारी एक म्हातारबा बसले होते, तीस वर्षं दक्षिणेत भट्टीवर काढलेले. माझा विषय कळल्यावर ते हसले.

"कचऱ्याचं तुमी आमाला काय सांगतासा? आमी सराफाच्या दुकानातला केर इकत घ्यायचो. केरसुनी झिजली की ती जाळायची. पायपुसनं जाळायचं. कारागिरानं हात धुतल्यालं पानी टाकायचं न्हाई, साठवायचं. मानसाची बंडी फाटली तर बायकोला द्यायची न्हाई, भट्टीत घालायची."

"आणि निघायचं सोनं?" मी विचारलं.

"असलं तर निगतंयच. भट्टीत काय लपतंय? असलं तर तळाला बसतंय, नसलं तर राख."

ते सोन्याबद्दलच बोलत होते. तरी मला घाम फुटला. फलटणच्या आमच्या व्यापाऱ्यांनी हा माणूस भाषणाला बोलवायला हवा होता, ढाल याला द्यायला हवी होती, असं सगळं मनात येत होतं. त्या भरात मी सुभेदारांकडे वळून म्हणालो, "साहेब, तो फ्लेक्स माझ्याकडूनसुद्धा झालेला असू शकतो."

"असू शकतो," सुभेदार बशीत चहा ओतत म्हणाले. "दारूगोळा कुठल्याबी कारखान्यातला असू शकतो. गोळी कुनी झाडली, ते मी बघनार."

म्हातारबांनी आम्हां दोघांकडे बघितलं आणि बाकडं थोडं लांब सरकवलं.

कडेगाव

हमीदचाचांशी माझी ओळख फोनवरची. प्रत्यक्षात पहिल्यांदाच भेटत होतो. पत्र्याची मोठी शेड, तीन शिलाई मशिनं आणि जमिनीवर अंथरलेले चेहरे. सरपंच, नवरदेव, क्लासचे सर, कुस्तीगीर. चाचा सत्तरीचे, काटकुळे, चष्मा दोरीने मानेला बांधलेला. ते एका मंत्र्याच्या कपाळावर मांडी घालून सुतळीचा दोरा ओवत होते.

मी नाव सांगताच उठले. "आनंतशेठ! या, या. आवं, तुमच्या मालावर निम्मा तालुका झाकलाय." मग त्यांची नजर सुभेदारांवर गेली. चष्मा वर करून त्यांनी नीट बघितलं आणि मला हळूच म्हणाले, "या मानसाला मी शिवलंय."

त्यांच्या शेडमध्ये मी जे बघितलं, ते मला माझ्या योजनेच्या भाषणात सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. फ्लेक्सच्या काठ्या वेगळ्या. त्या टोमॅटोवाल्यांकडे जातात. पितळेच्या कड्या एका डब्यात. त्या पुन्हा ताडपत्रीलाच लागतात. दोऱ्या सोडवून, गुंडाळून ठेवलेल्या. कातरण उशांत भरायची. कामगार दुपारी त्यावरच डोकं टेकतात. केराचा डबा होता, पण त्यात त्यांची कोंबडी बसली होती. माझं ते कोबीचं पोतं दाराबाहेर ठेवलं, तर चाचांच्या शेळीने आधी पाला खाल्ला आणि मग पोतंही खायला घेतलं.

"छपाईची बाजू मी आत घेतो," चाचांनी समजावलं. "पांढरी बाजू भाईर. म्हंजे वाटंनं जानाऱ्याला कळत न्हाई डोस्क्यावर कोन हाय. जनावराला काय, आत कोनबी चालतंय. जोड मातर माप बघून लागतोय, मजकूर बघून न्हाई. मागं एका ताडपत्रीवर नवरा-नवरी आलं आन त्यांच्या खाली 'पुढे रस्ता बंद आहे'. मी काय करनार? माप जुळलं."

"माझ्या त्या श्रद्धांजलीच्या खाली नाव असंल की, ते कुटं गेलं?" सुभेदारांनी जवानाला विचारावं तसं विचारलं.

"खालची पट्टी जास्त हुती. कापली. ती एका भाजीवालीच्या गाड्यावर हाय." मग चाचा माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "शेठ, तुमी तर चेहरं कापून पाठवतो म्हनला हुता. पयलं दोन आठवडं सोडलं तर एक बी कापल्याला आला न्हाई. आन त्यो फ्लेक्स तर कोरा करकरीत हुता. घडीसुदिक नवी. मी म्हनलं, मानूस जगला-वाचला म्हनून परत केला वाटतं."

माझ्या कानात शिलाई मशीन चालू असल्यासारखं वाजत होतं. आता सगळं उघडं पडलं, आता सुभेदार माझ्याकडे वळतील.

ते वळले. डोळे चमकत होते.

"कळलं," ते म्हणाले. "आता कळलं. तान्यानं दुसरीकडं छापून घेतला आन गुपचूप तुमच्या गठ्ठ्यात आनून घुसवला. तुमच्या चांगल्या कामाआड लपला त्यो! आनंतराव, माझ्यापायी तुमच्या योजनेला बट्टा लागला. मीच तुमची माफी मागतो."

आणि पंच्याहत्तरीच्या, गुडघा दुखणाऱ्या त्या माणसाने माझ्यापुढे हात जोडले. चाचा चष्म्यावरून माझ्याकडेच बघत होते. त्यांना कळलं होतं. ते एवढंच म्हणाले, "शेठ, पानी पिऊन घ्या. तोंड वाळलंय तुमचं."

मी पाणी प्यायलो. तोंड ओलं झालं. तरी बोललो नाही.

हौसाक्काचं घर

कडेगावच्या पुढे दुतर्फा ऊस आणि मध्ये एवढासा रस्ता. गाव आलं तसं पहिल्याच वळणावर गोठ्याचा मालक भेटला. तो वैरण घेऊन चालला होता. सुभेदारांना बघून तो घाबरला नाही, उलट वैतागला.

"आलासा व्हय? बघा, माझ्या छताला भोक पडलंय. आक्कानं इळ्यानं तुमचं त्वांड कापून न्हेलं. आता पाऊस आत येतोय, बरोबर तुमच्या तोंडाएवढा. खाली म्हस बसत न्हाई."

गाडीत होता त्यातला एक चांगला फ्लेक्स मी त्याला काढून दिला. त्याने आधी तो उलटा करून वर कोण आहे ते बघितलं. द्राक्षाच्या औषधाची जाहिरात होती. मग घेतला.

हौसाक्काचं घर स्लॅबचं, दोन खोल्यांचं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. आत भिंतीवर सुभेदारांचा तीन फुटी चेहरा खिळ्यांनी ठोकलेला होता, कडा विळ्याने कापल्यामुळे वेड्यावाकड्या. त्याला झेंडूचा हार आणि खाली समई. घरात भावाचा दुसरा फोटो नव्हता, हे नंतर कळलं. हा एवढा मोठा पहिलाच.

आक्का ऐंशीच्या पुढच्या. ठेंगण्या, पाठीत वाकलेल्या. दारात उभ्या भावाकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा भावाकडे.

"त्यो हसतोय," त्या म्हणाल्या. "तू न्हाई हसत. मग खरा कोन?"

"आक्का, मी रामा. जिता हाय मी."

"फोनवर बी असंच म्हनत हुतास."

त्या जवळ आल्या, हात वर केला आणि फाडकन भावाच्या मुस्काटात दिली. मी मागे सरकलो.

"लागली?"

"लागली की गं."

"मग हायस." आणि त्याच हाताने त्यांनी भावाचा गाल धरला आणि मोठ्याने रडू लागल्या. "सा वर्सं झाली रं. मी पोस्टानं राखी धाडायची, तू पोस्टानं लुगडं धाडायचास. हिकडं यायला तुला मरायला लागलं व्हय?"

सुभेदार उंबऱ्यावरच खाली बसले. फेटा काढून मांडीवर घेतला आणि त्यात तोंड लपवलं. मी समईतली वात नीट केली, दुसरं काय करावं सुचेना.

मग बाजरीची भाकरी, डाळकांदा, म्हशीचं दही. अर्ध्या तासात सुभेदारांचा चेहरा भिंतीवरच्यासारखा झाला. हात धुता धुता ते म्हणाले, "आक्का, ज्यानं हे केलं त्यानं वाईट करायला केलं, पर माझं भलं झालं. ह्यो फ्लेक्स नसता तर मी आलोच नसतो. मी आता अर्ज देत न्हाई. तान्याला माफ करतो. आत्ताच, तुझ्यासमोर." त्यांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावा म्हणून स्पीकर चालू केला.

"तानाजी," ते गळा साफ करून म्हणाले, "मी तुला मोठ्या मनानं माफ केलं."

पलीकडून तानाजीरावांचा आवाज आला. थट्टेखोर माणसाचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"कशाबद्दल?"

"तुला म्हाईत हाय. मला छापल्याबद्दल."

"मी न्हाई छापलं."

"आरं, माफ केलं म्हनतोय न्हवं! आता कबूल व्हायला काय जातंय तुझं?"

"रामा, तू सरहद्दीवर हुतास तवा तुझी पत्रं तुझ्या आईला कुनी वाचून दावली? मी. तुझ्या बायकोला कुनी? मी. तेवीस वर्सं. एक अक्षर इकडचं तिकडं केलं न्हाई मी. एकदा तुझ्या पायाला गोळी लागल्याचं पत्र आलं, तवा बी जसंच्या तसं वाचलं, आन मग तुझ्या आईसंगं रडत बसलो. आन मी तुला मेलेला छापीन?"

सुभेदारांनी भिंतीवरच्या आपल्या चेहऱ्याकडे बघितलं.

"तुझी माफी तुझ्यापाशी ठेव," तानाजीराव म्हणाले. "मी उद्या सकाळी पोराकडं पुन्याला चाललोय. कायमचा. ज्या गावात पन्नास वर्सांचा दोस्त मला चोर समजतोय, तिथल्या वट्ट्यावर मी बसत न्हाई."

"जा की मग!" सुभेदार ओरडले. "चोर तर चोर, वर शिरजोर!"

आक्का भावाकडे आणि फोनकडे आळीपाळीने बघत होत्या. मी उठलो.

"एक मिनिट," मी म्हणालो. "त्या दिवशी लाइट गेली होती आणि दोन्ही फोटोंत फेटा होता, म्हणजे मशीनवर..."

"आनंतराव, तुमी मधी पडू नका," सुभेदार म्हणाले. "तुमी देवमानूस. ह्या मानसासाठी तुमी खोटं बोलू नका."

"थांब रं रामा," आक्का म्हणाल्या. "त्याला बोलू दे. ह्यो कवापासनं मधी मधी कायतरी म्हनतोय आन तू ऐकून घेत न्हाईस." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लाइट आन फेटा ऱ्हाऊ दे. तू काय केलंस, ते सांग."

मी सुभेदारांच्या हातातून फोन घेतला. दोन्ही हातांनी धरला.

"तानाजीराव, मी अनंता बोलतोय, फ्लेक्सवाला. फोन ठेवू नका. तो फ्लेक्स माझ्या दुकानात, माझ्या हातानं छापला गेला. फोटो मी बदलला. चुकून बदलला, पण कळल्यावर तो फाडला नाही, गठ्ठ्यात लपवला. सुभेदारांनी मला तोंडावर विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. आणि फोटो तुमच्याकडं होता, हे मीच त्यांच्या कानावर घातलं, म्हणजे ते मला सोडून तुमच्यावर संशय घेतील. ते घेत राहिले आणि मी बघत राहिलो. त्यांच्या शेजारी बसून सबंध रस्ताभर बघत राहिलो. सुभेदारसाहेब, मी देवमाणूस नाही. आक्का, तुम्हांला मी रडवलं. तानाजीराव, तुम्ही काहीच केलेलं नाही. सगळं मी केलं. मला माफ करा."